मीटरवर सात व्होल्ट, घाटात अंधार

माझ्या भाच्याने सायकलसाठी घरी बनवलेल्या दिव्याचं हे प्रकरण. दिवा उत्तम, बॅटरी नाठाळ. तक्रार अशी होती की पूर्ण चार्ज करून निघालं तरी अडीच तासांच्या आत-बाहेर दिवा फट्‌कन बंद पडतो. मंद होत नाही, लुकलुकत नाही, सरळ बंद. मिनिटभर थांबून लो मोडवर लावला तर पुन्हा लागतो आणि पुन्हा जातो. घरी येऊन मीटर लावावा तर ७.१ व्होल्ट! ७.४ व्होल्टची म्हणून बांधलेली बॅटरी ७.१ दाखवत असेल, तर ती संपलेली नाही असंच कोणालाही वाटेल.

शेवटचा प्रसंग कात्रजच्या जुन्या घाटातला. रात्री साताऱ्याकडून परतताना बोगदा ओलांडून भिलारेवाडीच्या बाजूला उतार सुरू झाला आणि ऐन वळणावर दिवा गेला. मागून येणाऱ्या टेम्पोच्या उजेडात त्याने सायकल कडेला घेतली म्हणून निभावलं. ताईला हे कळलं तेव्हा ती दिव्यावर नाही, माझ्यावर चिडली. सोल्डरिंगचा नाद मीच लावला होता ना!

त्याआधी तपकीर गल्लीत त्याला एकाने सल्ला दिला होता : "बोर्ड बाद आहे, काढून टाक, डायरेक्ट जोड." बोर्ड म्हणजे बॅटरीतलं संरक्षक सर्किट, सेल फार खाली किंवा फार वर जायला लागला की करंट तोडणारं. हा सल्ला पुण्यात चहाइतक्या सहज मिळतो. भाचा माझ्याकडे आला तो हेच विचारायला. "मामा, बोर्ड उडवू का रे? आत्ता काढतो, पाच मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, आधी पॅक उघड.

काय होतं आत

दिव्याच्या डोक्यात तांब्याच्या चकतीवर बसवलेला एक एक्सएम-एल२ एलईडी, ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा तुकडा, समोर भिंग, मागे बक ड्रायव्हर, म्हणजे बॅटरीचे जास्तीचे व्होल्ट उतरवून एलईडीला ठरलेला करंट देणारं सर्किट. हाय मोडवर एलईडीला साधारण १.४ अँपिअर. त्या करंटला एलईडीवर ३.१ व्होल्टच्या आसपास पडतात, म्हणजे सव्वाचार वॉट. ड्रायव्हरचं नुकसान धरून बॅटरीतून पाच वॉट, म्हणजे ७.२ व्होल्टला ०.७ अँपिअर.

बॅटरी जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेल्या चार १८६५० सेलची. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५, म्हणून हे नाव. दोन-दोन सेल समांतर, आणि अशा दोन जोड्या सिरीजमध्ये. सेलवर २,२०० एमएएच छापलेलं, म्हणजे जोडीचे ४.४ अँपिअर-तास. भागाकार केला की सहा तासांहून जास्त. त्याने हाच भागाकार केला होता आणि त्यात चूक काहीच नव्हती, फक्त छापील आकडा सेल नवा असतानाचा होता.

सिरीज जोडणीत दोन जोड्यांच्या मधल्या सांध्यावरून एक बारीक वायर पॅकबाहेर काढायची असते, म्हणजे जोड्या वेगवेगळ्या मोजता येतात. ती इथे नव्हती. हीट श्रिंक, म्हणजे पॅकवर तापवून आवळलेलं प्लास्टिकचं वेष्टण, कापून, सांध्यावरची टेप सोलून मीटरची टोकं थेट जोड्यांना लावावी लागली. दिवा नुकताच बंद पडलेल्या अवस्थेतच पॅक मागवला होता, तो याचसाठी. एका जोडीवर ३.७३ व्होल्ट, दुसरीवर ३.३८. बेरीज ७.११.

निदान झालं ते इथेच. पुढे केलं ते फक्त खात्री करणं. दोन भावांचं एकत्र खातं असावं आणि पासबुकात नुसती बेरीज दिसावी, तसा हा मीटर. एकाचा खिसा रिकामा आहे हे त्याला कळत नाही. ३.३८ ही विश्रांतीनंतरची उसळी होती. लोड लागला की हीच जोडी तीनच्या खाली जात होती आणि बोर्ड दिवा तोडत होता. तेव्हा दुसऱ्या जोडीत निम्मा माल शिल्लक असायचा.

मग पॅक त्याच्या चार्जरला लावला. ८.४ व्होल्टचा चार्जर, हिरवा दिवा लागला, आम्ही पुन्हा मोजलं : ४.२७ आणि ३.९१. चार्जर बेरजेकडे बघतो; त्याला ८.४ गाठायचे होते. पण धडधाकट जोडी आधीच वर जाऊन पोचली होती आणि बोर्डाने तिला वाचवण्यासाठी चार्जिंग तोडलं. या प्रकारच्या बोर्डांवर सेलमागे ४.२५ ते ४.३ व्होल्टच्या दरम्यान ही तोड असते. करंट थांबला म्हणून चार्जरने हिरवा दाखवला. कमजोर जोडी पाऊण भरण्याआधीच "फुल". तिथून अडीच तास म्हणजे हिशेब बरोबर जुळतो.

म्हणजे ज्याला बाद ठरवलं होतं तो बोर्ड दोन्ही टोकांना आपलं काम चोख करत होता. तो काढला असता तर? उतारावर दिवा चालू राहिला असता खरा, पण कमजोर जोडी दोन व्होल्टच्याही खाली ओढली गेली असती. लिथियम-आयन सेल इतका खाली गेला की त्याच्या ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं आत भलतीकडे जमतं. त्यातून सेलच्या आतल्या आत शॉर्ट होतो. वर चार्जिंगच्या वेळी दुसरी जोडी ४.३, ४.४ करत चढत राहिली असती. आणि हे सगळं ताईच्या दिवाणाखाली, कारण चार्जिंगचा पॉइंट तिथे आहे.

बोर्ड उडवायचा सल्ला देणाऱ्याला यातलं काही निस्तरायचं नसतं. माझं मत कडक आहे : बोर्ड वारंवार तोडत असेल तर तो काय सांगतोय ते बघावं, बोर्ड खराब निघण्याची पाळी फार क्वचित येते.

सेल सुटे करून

सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या नोज प्लायरने गुंडाळत काढल्या. सरळ ओढल्या तर सेलचा पत्रा फाटू शकतो, आणि धन टोकाशी पट्टी घसरली तर जागेवर शॉर्ट. हे पुष्कळांना माहीत नसतं : १८६५०चं सगळं डबडं ऋण असतं, अगदी धन टोकाच्या कडेपर्यंत. मधली उंच टिकली तेवढी धन. दोघांमध्ये एक गॅस्केट आणि वरचं प्लास्टिकचं वेष्टण, बस्स. वेष्टण त्या काठावर घासलं गेलं की पट्टी थेट डबड्याला टेकते. म्हणून टिकलीभोवती कागदी इन्सुलेशन रिंग चिकटवायची. जुन्या पॅकमध्ये ती चारपैकी एकाही सेलवर नव्हती.

चारही सेल टेस्टरवर पूर्ण भरून, रिकामे करून मोजले : १,८६०, १,८२०, १,७८० आणि १,१३० एमएएच. पुन्हा ४.२वर भरून पंधरवडाभर फडताळात ठेवले. तिघे ४.१७च्या आसपास राहिले, चौथा ४ व्होल्टच्या खाली आला. कोणी हात न लावता गळतो तो सेल. सायकल आठवडाभर उभी राहिली की त्याची जोडी थोडी खाली सरकायची, पुढच्या चार्जिंगला भरून निघायची नाही, आणि फरक वाढत जायचा. बॅलन्सिंग असलेला बोर्ड टाकला असता तर हा फरक काही काळ झाकला गेला असता, कारण तो भरलेल्या जोडीतून थोडा थोडा करंट जाळून दोघांना बरोबरीत आणतो. गळका सेल मात्र गळकाच राहतो.

इथे सरळ उपाय होता : चार नवे सेल, बॅलन्सिंगचा बोर्ड, तीच सिरीज जोडणी, काम संपलं. भाच्याची तयारीही तीच होती. मी अडवलं, कारण मला त्या बक ड्रायव्हरचा स्वभावच पटत नव्हता.

दिवा किती चालतो आणि कसा विझतो

बक ड्रायव्हर बॅटरी ८.४ची असो वा ६ची, एलईडीला एकसारखा करंट देतो. जाहिरातीत हे गुण म्हणून येतं. घाटात याचा अर्थ असा की शेवटच्या सेकंदापर्यंत लख्ख उजेड आणि मग पूर्ण काळोख. सेल नवे असोत की जुने, शेवट असाच होणार. फक्त अडीच तासांऐवजी नऊ तासांनी.

भाचा ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची, तयारी करत होता. त्याला वेळेची मर्यादा २० तास. सकाळी सहाला सुटलात तर रात्री दोनपर्यंत मुभा. म्हणजे संध्याकाळी सातपासून सात तास अंधारातले, तेही दिवसभर पायडल मारून डोकं बधिर झालेलं असताना. अशा वेळी दिवा "मी संपत आलोय" हे अर्धा-पाऊण तास आधी सांगणारा हवा. बझर लावा, लुकलुकणारा इंडिकेटर लावा, पण थकलेला माणूस ते बघत नाही. रस्ता मंद दिसायला लागला की बघतो.

म्हणून चारही सेल समांतर. ३.६ व्होल्ट, एकच जोडणी, आणि ड्रायव्हर ७१३५ चिपचा. ही चिप लिनिअर आहे, एकेक साधारण ३५० मिलिअँपिअर सोडते. चार चिपांचे १.४ अँपिअर. बॅटरीतून जेवढा करंट निघतो तेवढाच एलईडीला जातो, जादाचे व्होल्ट चिप उष्णतेत घालवते. पूर्ण भरलेल्या ४.२वर एक-दीड वॉट वाया जातो, ३.७ला त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण सेलचे व्होल्ट सव्वातीनच्या जवळ आले की चिपकडे घालवायला काही उरत नाही आणि एलईडीचा करंट आपोआप घसरत जातो. उजेड हळूहळू उतरतो. अजून खाली गेलं तर एलईडीच जवळजवळ काही ओढेनासा होतो, त्यामुळे सेल फार खोल रिकामा होण्याचा धोकाही कमी.

समांतर जोडणीत बॅलन्सिंगचा प्रश्नच नाही. चारही सेल सतत एकाच व्होल्टवर असतात. त्यातला एखादा पुढेमागे थकला तर एकूण क्षमता कमी होईल, पण बाकीच्यांना पाऊण भरलेलं सोडून पॅक बंद पडणार नाही. एवढं आहे की गळका सेल इथेही बाकीच्यांना हळूहळू रिकामं करतो, म्हणून सेल नवे आणि एका लॉटचे घ्यायचे.

तोटा करंटचा. कमी व्होल्ट म्हणजे वायरमधून दुप्पट करंट. अर्धा मीटर लांब केबल, जाऊन-येऊन एक मीटर, ०.५ चौरस मिलिमीटर तांबं : रेझिस्टन्स ०.०३५ ओहमच्या आसपास, १.४ अँपिअरला ०.०५ व्होल्ट पडतात. चालतंय. तीन अँपिअरचा दिवा असता तर मी दोनदा विचार केला असता आणि बहुधा सिरीजकडेच वळलो असतो.

सेल, पट्टी, पाइप

सेल सॅमसंगचे ३५ई घेतले, ३,५०० एमएएचचे. सेलमागे जेमतेम ०.३५ अँपिअर काढायचे होते, त्यामुळे ड्रिल मशीनसाठी बनवलेले जास्त करंटचे सेल घेण्यात अर्थ नव्हता. त्यांची क्षमता कमी असते. बाजारात ९,८०० एमएएच छापलेले १८६५० सर्रास मिळतात. या आकाराच्या डबड्यात साधारण चार हजारांच्या वर काही मावत नाही, तेव्हा ९,८०० म्हणजे छापखान्याची कमाल. दुकानात टेस्टर नसतो, पण वजनकाटा कुठेही मिळतो : अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. पस्तीस-चाळीसच्या खाली गेला तर खाली ठेवून निघावं.

चारही सेल जोडण्याआधी व्होल्ट मोजले. ०.०५च्या आत असले तरच समांतर जोडायचे, नाहीतर भरलेला सेल रिकाम्यात एकदम करंट ओततो आणि मधे त्याला अडवायला काही नसतं.

पट्टी ०.१५ बाय ८ मिलिमीटरची, शुद्ध निकेलची. निकेलचा मुलामा दिलेलं लोखंडही त्याच भावात खपवलं जातं. तुकडा खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात टाकला की सकाळी गंज खरं काय ते सांगतो. आमची पट्टी चकचकीत निघाली. स्पॉट वेल्डिंग एका बॅटरी बांधणाऱ्याकडून करून घेतलं. सेलच्या टोकावर सोल्डरिंग आयर्न टेकवून सोल्डर करायचं नाही. जुन्या पॅकवर तसेच मोठाले गोळे होते. उष्णता गॅस्केटला आणि आतल्या सेपरेटरला (धन-ऋण थर वेगळे ठेवणाऱ्या पडद्याला) सोसत नाही. वायरी पट्टीच्या सुट्या टोकांवर सोल्डर केल्या, तेही पट्टी सेलला वेल्ड करण्याआधी.

वर एका सेलसाठीचा संरक्षक बोर्ड, धन वायरीत ५ अँपिअरचा गाडीत असतो तसला फ्यूज, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप, हीट श्रिंक.

डबा हा या कामातला माझा आवडता भाग. चार सेल चौकात उभे धरले तर कर्णावर साधारण ४५ मिलिमीटर होतात. प्लंबरचा ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला, आत फोमची गुंडाळी, बाहेर सायकलच्या जुन्या ट्यूबचा थर, आणि हे सगळं बाटलीच्या पिंजऱ्यात गच्च बसलं. एका बाजूला पक्कं चिकटवलेलं टोपण, त्यातून केबल ग्लँडने (वायरभोवती घट्ट आवळणाऱ्या बुचाने) वायर बाहेर, ग्लँड खाली तोंड करून म्हणजे पावसाचं पाणी आत धरणार नाही. दुसऱ्या बाजूला नुसतं दाबून बसवलेलं रबरी टोपण. भाच्याला दोन्ही बाजू सॉल्व्हेंटने बंद करायच्या होत्या, "ताम्हिणीचा पाऊस माहितीये ना तुला मामा!" पाऊस माहीत आहे. पण सेल बिघडला तर तो वायू सोडतो, आणि चोहोबाजूंनी बंद पाइपात वायू भरला की तो पाइप राहत नाही, बॉम्ब होतो. रबरी टोपण उडून जाईल, उडू दे.

आता कनेक्टर. जुन्या पॅकला ५.५ बाय २.१ची गोल पिन होती. घरातल्या राउटरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरला तीच पिन, सेट-टॉप बॉक्सला तीच. अंधारात कोणीही चुकीचा अडॅप्टर खुपसेल आणि तो खुशाल बसेल. बोर्ड तेवढ्यापुरता वाचवेल, पण बोर्ड हा शेवटचा दरवाजा आहे, रोजचा नाही. आम्ही एक्सटी३० लावला, सोनेरी पिना आत दडलेल्या असतात ती बाजू पॅकवर, म्हणजे बॅगेत किल्ल्यांशी गाठ पडली तरी शॉर्ट होणार नाही. ताईच्या घरात या पिनेचं दुसरं काही नाही, हे तपासूनच.

चाचणी आणि ताईच्या अटी

गॅलरीत दिवा लावून समोर टेबल फॅन ठेवला. सायकल चालताना दिव्याच्या डोक्याला वारा लागतो, घरात नाही. पंख्याशिवाय एवढा एलईडी बंद खोलीत तापून निघतो. १.४ अँपिअरवर पावणेआठ तासांपर्यंत उजेडात डोळ्याला फरक जाणवला नाही. त्यानंतर उतार सुरू झाला. तासाभराने निम्म्यावर आला असावा, आणि त्यानंतरही बराच वेळ खड्डा दिसेल इतपत प्रकाश होता. मधल्या मोडवर ०.७ अँपिअर, म्हणजे दुप्पट वेळ. चढावर तोच पुरतो.

चार्जिंगवरून मात्र घरात दोन बैठका झाल्या. भाच्याला एक अँपिअरचा टीपी४०५६ चिपचा चार्जिंग मोड्यूल वापरायचा होता, स्वस्त आणि हाताशी होता म्हणून. चौदा अँपिअर-तासांना तो चौदा-पंधरा तास घेणार, म्हणजे रात्रभर. ताईने सांगितलं, "सगळे झोपलेले असताना ते चार्जिंगला नको." तिला चिपचं नाव ठाऊक नाही, पण अट सोळा आणे बरोबर आहे. मग तीन अँपिअरचा टाइप-सी मोड्यूल घेतला. सेलमागे पाऊण अँपिअर पडतो, ३५ईला तो किरकोळ. पाच-सहा तासांत काम होतं, सुट्टीच्या दिवशी जागेपणी. जागाही बदलली : दिवाणाखालून गॅलरीतल्या फरशीवर, पडद्यापासून लांब. उन्हाळ्यात तिथे दुपारी चार्ज करायचं नाही, कारण बहुतेक सेलना ४५ अंशांच्या वर चार्जिंग वर्ज्य असतं आणि पश्चिमेच्या गॅलरीतली फरशी एप्रिलमध्ये त्याच्या पुढे जाते. पावसाळ्यात सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर पॅक भरून ठेवायचा नाही, निम्म्यावर ठेवायचा.

जुन्या तीन बऱ्या सेलांचं भाच्याला काहीतरी करायचंच होतं. एकाचा मागचा लाल दिवा झाला. तिथे सेल एकटाच असतो, कोणाशी बरोबरी करायची नसते, आणि टीपी४०५६ला तेवढंच काम शोभतं. दोन टेस्टरच्या डबीत पडून आहेत. चौथा, गळका, पूर्ण रिकामा करून दोन्ही टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात दिला. सोसायटीच्या सुक्या डब्यात टाकायला भाचा निघाला होता, पण कचऱ्याच्या गाडीत दाबला गेलेला लिथियम सेल पेट घेऊ शकतो आणि वर्गीकरण करणाऱ्या बायकांच्या हाताखाली तो कुठल्या अवस्थेत येईल याचा नेम नाही.

ब्रेव्हेसाठी त्याने पिंजऱ्यात दुसरा पॅक ठेवायचं ठरवलंय. त्याचे सेल आले आहेत, वजन करून झालंय, पट्टी मिठाच्या पाण्यात आहे.